फिल्टरला शिवलेलं झबलं

मी भित्रा ड्रायव्हर आहे. गाडी शिकलो तीच मुळी चाळिशीत, मुलगी शाळेत जायला लागल्यावर. शहरात रिक्षांच्या गर्दीत कसंबसं निभावून नेतो, पण दुपदरी रस्त्यावर पुढच्या वाहनाला ओलांडायचं म्हटलं की माझा पाय आपोआप ब्रेककडे जातो. बायकोचं माहेर दुधनीचं. सोलापूरहून अक्कलकोटपर्यंत रस्ता रुंद आहे, पुढे अरुंद. उसाच्या दिवसांत तिथे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चाललेले असतात आणि त्यांच्या मागे मी. सासुरवाडीत माझी यावरून यथेच्छ चेष्टा होते. 'ट्रॅक्टर आला, म्हणजे जावईबापू आलेच,' म्हणतात.

चेष्टेचं मला काही नव्हतं. भीतीचं होतं. आमची गाडी जुनी, लहान इंजिनाची. तिला थोडी ताकद आली तर ओव्हरटेक पटकन उरकेल आणि माझा जीव भांड्यात पडेल, असा माझा हिशेब. गाड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानदाराने तो बरोबर ओळखला. इंजिनाला हवा गाळून देणारा कंपनीचा काळा प्लास्टिकचा डबा काढायचा, त्याजागी चकचकीत नळी आणि तिच्या टोकाला उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवायचा. "सर, गाडीला मोकळा श्वास मिळतो," तो म्हणाला. बसवून झाल्यावर त्याने ॲक्सिलरेटर दाबून दाखवला आणि इंजिन असं काही घुमलं की मला वाटलं, झालं आपलं काम.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. मोजल्याशिवाय बोलू नका, हे वर्षभर मुलांच्या कानीकपाळी ओरडत असतो. त्या दिवशी मी काहीही मोजलं नाही. घरी येऊन मुलीला शेजारी बसवलं, कॉलनीतून एक चक्कर मारली आणि सांगितलं, "आता बघ, आपली गाडी कशी जोरात पळते ते." ती दहा वर्षांची. तिने टाळ्या वाजवल्या.

मग दुसरी भीती लागली, धुळीची. आमच्या सोलापूरची धूळ बंद कपाटातल्या ताटांवरही बसते, तिथे उघड्या फिल्टरचा काय निभाव लागणार? सोलापूरच्या घरात एक वेळ साखर संपेल, टॉवेल संपत नाहीत. बायकोला म्हटलं, या शंकूला टॉवेलचं एक कव्हर शिवून दे. तिने माप घेऊन, खाली नाडी घालून नीटनेटकं शिवलं. "झबलं झालं हो फिल्टरला," म्हणून हसली. मीही हसलो आणि ते घट्ट बांधून टाकलं. आम्हा दोघांनाही आपण फार शहाणपणा केल्यासारखं वाटत होतं.

मार्च संपत आला होता. दुधनीला बायकोच्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. ऊन मी म्हणत होतं, गाडीत एसी लावलेला, बायको शेजारी, मुलगी मागे. अक्कलकोट सोडलं आणि थोड्याच वेळात पुढे ट्रॅक्टर आला, मागे उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या. नेहमीप्रमाणे मी त्याच्या मागे रांगत राहिलो. बरीच मिनिटं गेली. मग वाटलं, आता कशाला भ्यायचं, आता नळी आहे. लांबवर एक ट्रक दिसत होता, पण तो खूप लांब होता. मी गाडी उजवीकडे काढली.

मागची ट्रॉली अर्धी ओलांडली. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. इंजिन गरजलं, दुकानात गरजलं होतं त्याहून जास्त. पण वेगाचा काटा हलेना. डावीकडे उसाची भिंत होती तिथेच होती, ट्रॉलीचं ते प्रचंड चाक माझ्या मुलीच्या खिडकीशेजारी फिरत होतं आणि पुढे सरकत नव्हतं, मागे पडत नव्हतं. समोरचा ट्रक मात्र भराभर मोठा होत होता. त्याने दिवे मारले. मी पाय आणखी दाबत राहिलो. तिथे आणखी दाबण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बायको माझ्याशी एरवी मराठीतच बोलते. त्या क्षणी तिच्या तोंडून तिची माहेरची कानडी निघाली. "ब्याड री, ब्याड!" म्हणजे नको हो, नको. तिने डावा हात डॅशबोर्डला रोवला आणि उजवा मागे, मुलीच्या गुडघ्यावर नेऊन दाबला. तो हात मला आरशात दिसला आणि मी ब्रेक मारला. गाडी आचके देत मागे राहिली, मी ती कशीबशी डावीकडे ट्रॉलीच्या मागे घातली. दुसऱ्याच क्षणी ट्रक हॉर्न वाजवत बाजूने गेला. गाडी अशी हलली की मला वाटलं, लागलाच. मागून कोणी येत नव्हतं, म्हणून आज हे लिहितोय.

गाडी कडेला घेतली. दार उघडायचं सुचेना. बायको रडत होती. मागे मुलगी गप्प बसली होती. तिला काही विचारायचा मला धीर झाला नाही. त्या दिवशी सासुरवाडीला आम्ही सगळ्यांत शेवटी पोचलो आणि माझी चेष्टा झाली.

सोलापूरला परतल्यावर आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि झबलं बघून कपाळावर हात मारला. टॉवेल धुळीने आणि तुसाने गच्च झालेला, आत ओढला जाऊन फिल्टरला चिकटलेला. एका बाजूने करपून तांबूस पडला होता.

"सर, ह्ये पेटलं असतं की! तुमी शिकलेली मान्सं हो."

"पण नळीने ताकद वाढते ना?"

"कशाची वाढतीय? कंपनीचा डबा म्होरल्या जाळीतनं गार हवा घेतोय. तुमचा ह्यो गडी इंजनाच्या उरावर बसून गरम हवा पितोय. वर तुमी त्याचं नाक बांदलंय. रेसच्या गाडीत सगळंच बदलत्यात, तितं थोडा फरक पडत असंल. हितं निस्ता आवाज."

यावेळी मात्र मी मोजलं. मोकळ्या रस्त्यावर, एकाच गिअरमध्ये, मिस्त्रीच्या हातात मोबाइलचं घड्याळ देऊन. झबल्यासकट गाडी अक्षरशः रडत होती. झबलं काढल्यावरही नळी जुन्या डब्याच्या किंचित मागेच राहिली. घुमण्यात मात्र ती पहिली. मी नळी काढायला लावली, डबा परत बसवला आणि स्वतःला शिव्यांची लाखोली वाहिली.

वाटलं, विषय संपला. पुढच्या रविवारी मुलगी पोहे खात होती. मी धीर करून विचारलं, "त्या दिवशी ट्रक समोर आला तेव्हा खूप घाबरलीस का गं?"

"नाही," ती म्हणाली. "आई घाबरली होती."

"आणि तू?"

"मी कशाला घाबरू? पप्पा, तुम्हीच म्हणला होता की, आता आपली गाडी जोरात पळते. मला वाटलं, आता पळेल." आणि तिने पोह्यांतला शेंगदाणा शोधून तोंडात टाकला.

मी उठून खाली गाडीपाशी गेलो. थोड्या वेळाने परत वर आलो आणि तिला सांगितलं, ती पळाली नसती, मी न मोजताच बोललो होतो.