माझ्या नावाखाली छापलेलं खोटं

गावच्या दूध संस्थेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा चेअरमन स्वतः शाळेत आले. मी तिथं शिक्षिका होते. म्हणाले, "बाई, संस्थेची स्मरणिका काढायची हाय. गावानं दुष्काळ कसा काढला ते तुमी लिवा. पुढं कुणी इतिहास लिवायला बसलं तर त्याला सापडलं पायजे."

मला ते मनापासून पटलं. अजूनही राग येतो तो त्याचाच.

चार महिने शाळा सुटली की मी वही घेऊन दारोदार फिरले. प्रश्न एकच विचारायचे : दुष्काळात उठल्यापासून निजेपर्यंत काय काय करायचात? बाया हसायच्या. "ह्यात लिवण्यासारखं काय हाय?" म्हणायच्या आणि मग सांगत बसायच्या. एक जण लेकरांना बाजेवर बसवून आंघोळ घालायची, खाली घमेलं ठेवायची आणि तेच पाणी म्हशीला पाजायची. साबणाच्या पाण्याला म्हैस तोंड लावत नाही, म्हणून तिनं साबणच बंद केला होता. ऊसतोडीहून परतलेली एक जण म्हणाली, "फडावर पाणी व्हतं. घरी यायचं मनच व्हईना."

सगळ्यात शेवटी मी माझ्या मायला विचारलं. टँकर रोज गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. एके दिवशी तो आधी चेअरमनच्या मोसंबीच्या बागेत थांबला आणि विहिरीवर आला तेव्हा निम्मा होता. बायांची रेटारेटी झाली. माय कठड्यावर आदळली, उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. तेव्हापासून ती डाव्या हातानं धार काढायची, आणि ते दूध त्याच संस्थेत घालायची. मी सगळं लिहिलं, बागेसकट, आणि वही चेअरमनकडे दिली.

स्मरणिका निघाली. पानोपानी चेअरमनचे हारतुरे. माझ्या नावाखाली जेमतेम एक पान, आणि त्यातलं एक वाक्यही माझं नाही. खंबीर नेतृत्वामुळे गावाला दुष्काळाची झळ लागली नाही, असं मी लिहिल्याचं छापलं होतं.

मायला वाचता येत नव्हतं. ती वाट बघत बसली होती. "माझं कुठं हाय? वाच की."

मी होतं ते वाचून दाखवलं. तिनं वाकडं मनगट पुढं केलं. मग म्हणाली, "मंग माझा हात कावून मोडला म्हनं?"

दुसऱ्या दिवशी मी वही परत मागितली. चेअरमन म्हणाले, "हारवली, बाई." तिथंच मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

नवी वही घेऊन मी पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. या खेपेला बाया हसल्या नाहीत. ज्यांनी टँकर बागेत उभा पाहिला होता त्यांनी तसं सांगितलं आणि खाली अंगठे उठवले. संस्थेच्या वार्षिक सभेत मी उभी राहिले आणि वाचायला लागले.

"बाई, खाली बसा," चेअरमन म्हणाले.

"माझं नाव छापलंत. आता माझं लिहिलेलं ऐका."

मागून एक म्हातारा मेंढपाळ ओरडला, "वाचा, बाई! मी बगितलं हाय." चेअरमन अर्ध्यातून उठून गेले. पुढच्या निवडणुकीत पुन्हा तेच निवडून आले. म्हणून मी वही अंबाजोगाईला नेली. तिथल्या कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी ती ग्रंथालयात ठेवून घेतली.

कितीतरी वर्षांनी चेअरमन माझ्या दारात आले, काठी टेकत. त्यांची नात त्याच कॉलेजात शिकत होती. "तिनं वाचलं, बाई. घरी आली तर माझ्याशी बोलंना. तेवढं पान काढा."

खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. मी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणीही दिलं.

"पान निघणार नाही. तुमची बाजू सांगा, तीही लिहून घेते."

ते म्हणाले, टँकर बागेपाशी बंद पडला होता, पाणी गळून गेलं. मी शब्दाला शब्द उतरवून घेतला आणि सहीसाठी पेन पुढं केलं. त्यांनी पेन घेतलं, परत खाली ठेवलं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आतून मायचा आवाज आला, "त्यास्नी म्हनावं, पुरं नाव लिवा."

त्यांनी पुरं नाव लिहिलं.

दुसऱ्याच दिवशी मी एसटीनं नेकनूरला गेले आणि टँकरचा जुना ड्रायव्हर शोधून काढला. तो थकला होता, पण त्याला सगळं आठवत होतं. "बंद पडला? कोन म्हनतं? मीच पाइप लावला बागंत. चेअरमन सायबांनी सांगितलं व्हतं." त्यानंही सही केली. दोन्ही कागद मी अंबाजोगाईला नेले आणि वहीत समोरासमोर शिवून घेतले.