दारफाळणीच्या दिवसाचा टॅग

इल्फर्डच्या एझरा नवगावकरांनी आयुष्यात बरीच हरणं मारली, पण त्यांतल्या एकाचाही घास त्यांच्या तोंडात गेला नाही. ते बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू. हरीण त्यांना वर्ज्य नाही, पण जनावर रीतसर सुरी फिरवूनच मारलेलं हवं. गोळी घातलेलं चालत नाही. "आणि सुरी घेऊन जवळ येईपर्यंत हरीण काही थांबत नाही," असं ते विचारणाऱ्याला सांगत.

"मग जाता कशाला इतक्या लांब?" हा प्रश्न त्यांच्या बायकोनं, शुलामीथनं, लग्नानंतर पहिल्या वर्षी विचारला होता. उत्तर पटलं नाही म्हणून ती तो अधूनमधून पुन्हा विचारत असे.

खरं उत्तर असं की एझरा भायखळ्याहून एकोणीसशे अडुसष्टमध्ये लंडनला आले ते टूलमेकर म्हणून. कारखान्याचा एक रायफल क्लब होता. परक्या देशात शनिवार पाळणाऱ्या माणसाला संध्याकाळी बिअर प्यायला कोणी फारसं बोलवत नव्हतं, पण क्लबात कोणीही चालत होतं. इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक काम करणारा हात नेमबाजीतही बसला. एका स्कॉटिश फोरमननं त्यांना एकदा उत्तरेला हरणांच्या मागावर नेलं. ओल्या गवतातून पोटावर सरपटत जायचं, वाऱ्याची दिशा सांभाळायची, आणि एवढं करून बहुतेक वेळा हात हलवत परत यायचं. एझरांना हे फार आवडलं. कारखान्यात सगळं मोजून मापून व्हायचं, तिथं काहीच मोजता येत नव्हतं.

तेव्हापासून ते दर वर्षी हायलँड्समधल्या एकाच इस्टेटीवर जात राहिले. तिला स्ट्रॅथलारिग म्हणत. मालक एडिंबराला राहायचा आणि पैसे भरील त्याला शिकारीचा दिवस विकायचा. एझरांच्या खिशाला परवडायच्या त्या फक्त हिवाळ्यातल्या माद्या. हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला दर हिवाळ्यात काही माद्या माराव्याच लागतात, आणि बर्फातून त्या ओढत खाली आणायला कोणी उत्सुक नसतं. मोठा शिंगाळा नर, म्हणजे स्टॅग, हा श्रीमंतांचा खेळ. "रिटायर झालो की एक स्टॅग," असं एझरा म्हणायचे. एकच. शिंगं भिंतीवर लावायलासुद्धा नको होती. आपल्याला जमतं का, एवढंच पाहायचं होतं.

ते रिटायर झाले आणि त्याच सुमाराला इस्टेट विकली गेली. गावकऱ्यांनी वर्गणी काढून, सरकारी मदत मिळवून ती विकत घेतली आणि तिचा ट्रस्ट केला. ट्रस्टचा प्रमुख कॅलम. हा पूर्वी मालकाच्या नोकरीत होता. बाहेरच्या शिकाऱ्यांना डोंगरावर वाट दाखवण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं, स्वतःसाठी स्टॅग मारायची परवानगी मात्र त्याला कधी मिळाली नव्हती. ट्रस्टनं पहिला नियम केला तो हा की स्टॅगचे टॅग आधी गावकऱ्यांना. टॅग म्हणजे प्लॅस्टिकची नंबर घातलेली पट्टी. ती मारलेल्या नराच्या मागच्या पायाला बांधायची, आणि टॅगवर लिहिलेला दिवस सोडून मारायचा नाही. बाहेरच्यांसाठी सुरुवातीला डझनभर टॅग होते. पुढच्या वर्षी ते निम्म्यावर आले. दोन हजार पाच साली दोनच उरले, तेही सोडतीनं.

"म्हणजे आपण काय, हमाल?" मिलिंद म्हणाला. मिलिंद पुण्याचा, ब्रिस्टलला विमानांच्या कंपनीत इंजिनिअर. एझरांचा मुलगा बेन त्याच ऑफिसात होता, तिथून ही ओळख. बेनला बंदुकीचा तिटकारा होता. "डॅड, तुझी हरीण मला नको सांगू," असं तो आपल्या मोडक्या मराठीत म्हणायचा. मिलिंद मात्र एकदा काकांबरोबर गेला आणि वेडा झाला. "माद्या ओढायला आपण पाहिजे. स्टॅग आला की हे लोकल, आपण बाहेरचे. काका, तुम्ही तर तीस वर्षं जाताय!"

"त्यांचा डोंगर आहे, बाबा."

"तुम्हाला राग नाही येत?"

"येतो ना. पण कॅलमच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, म्हणून आणखी येतो."

त्या वर्षी अर्ज भरताना 'कोणत्या दिवशी येता येणार नाही' असा एक रकाना होता. मिलिंद म्हणाला, "कोरा सोडा. अडचणी सांगणाऱ्याचं नाव कोण काढणार?" एरवी एझरा सिनेगॉगचं कॅलेंडर समोर ठेवल्याशिवाय दाताच्या डॉक्टरचीही वेळ घेत नसत. पण तेव्हा मार्च होता, आणि शरदातले सण ज्यात असतात ते नव्या वर्षाचं कॅलेंडर अजून हातात आलेलं नव्हतं. त्यांनी रकाना कोरा सोडला.

जुलैत सोडत निघाली आणि एझरांना टॅग लागला. ते पत्र हातात घेऊन आधी शेजाऱ्याकडे गेले, मग कोपऱ्यावरच्या न्यूजएजंटकडे, आणि शेवटी घरी.

"तेरा ऑक्टोबर, गुरुवार," त्यांनी शुलामीथला वाचून दाखवलं.

शुलामीथ कणीक मळत होती. हात न धुताच तिनं फ्रिजवरचं नवं कॅलेंडर उलटलं.

"अहो, त्या दिवशी दारफाळणी आहे."

दारफाळणी म्हणजे योम किप्पूर, वर्षभराच्या पापांच्या प्रायश्चित्ताचा दिवस. लंडनला सगळे योम किप्पूरच म्हणतात, पण शुलामीथच्या तोंडी कोकणातलं जुनं नाव होतं, दार बंद करण्याचा सण. पूर्वी खेड्यापाड्यांत सिनेगॉग नव्हतं तेव्हा लोक पांढरे कपडे घालून घराचं दार लावून घ्यायचे. अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या कोणाचा स्पर्श नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दार उघडून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जायचं आणि ऐपतीप्रमाणे दानधर्म करायचा.

एझरा खुर्चीत बसले. पिठाचे ठसे उमटलेल्या त्या कॅलेंडरकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅलमला फोन लावला. तीस वर्षं, माद्या, बर्फ, जुनी ओळख, सगळं सांगून झालं. कॅलम फक्त "हं" म्हणत होता. शेवटी एझरांनी खरं कारण सांगितलं. उपासाचा दिवस आहे, दार लावून बसायचं असतं.

कॅलमचा आवाज बदलला. त्याच्या गावातही रविवार कडक पाळत; त्या दिवशी कपडे वाळत घातले तरी लोक बोलायचे. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? त्या दिवशी बंदूक नकोच."

"मग दुसरा दिवस?"

"गावातल्यांना आपसात बदलता येतो. बाहेरच्यांना नाही. पूर्वी बाहेरचे दिवस एकमेकांना विकायचे, म्हणून ठराव झालाय. आणि मिस्टर नवगावकर, तुम्हाला ठाऊक असलेलं बरं. वापरला नाही तो टॅग ट्रस्टची कमिटी पुढच्या वर्षी गावाकडे वळवणार आहे. मग बाहेरच्यांना एकच राहील."

हे ऐकल्यावर मिलिंद उखडला. "काका, म्हणजे तुमच्या उपासापायी आमच्या सगळ्यांचा टॅग जाणार!" मग दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, आणि आता आवाजात उत्साह होता. "कायद्यानं सूर्यास्तानंतर तासभर गोळी मारता येते. बरोबर? तुमचा उपास तारे दिसले की सुटतो. मी आकडेमोड केली. तिथल्या अक्षांशावर उपास सुटल्यावर दोन-चार मिनिटं मिळतात. मागच्या कुरणात स्टॅग संध्याकाळी उतरतातच."

"दोन-चार मिनिटं."

"गोळीला किती लागतात?"

एझरा हसले, पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. सकाळी त्यांनी ते शुलामीथला सांगितलं. ती भडकेल असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "मी येते."

"तू? तिकडे?"

"तुम्ही दार लावून बसता की खिडकीतून नेम धरता, ते बघायला."

म्हणून बुधवारी दुपारी तिघं स्ट्रॅथलारिगला पोचले. कुरणाच्या कडेला एक कॉटेज भाड्यानं घेतलं होतं. सूर्य मावळायच्या आत नवराबायको दोघं जेवली, शुलामीथनं दिवा लावला, पांढरे कपडे घातले. चामडं चालत नाही म्हणून दोघांच्या पायात कापडी बूट. एझरांची रायफल गाडीत कुलपात होती आणि किल्ली मिलिंदकडे; तो गावात उतरला होता. मग शुलामीथनं दार लावलं.

तो माजाचा हंगाम. गुरुवारी पहाटेपासून डोंगरावर नर डुरकत होते. एझरा प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसले होते, पण कान बाहेर होते. हा वरच्या खिंडीतला, हा तरणा, हा नाल्याजवळ आलाय. शुलामीथनं दोनदा नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि ते पुन्हा ओळीवर आले. दुपारी त्यांना गरगरलं. तिनं त्यांच्या पाठीमागे उशी दिली.

"पाप मोजायचा दिवस आहे," ती म्हणाली. "हरणं नाही."

"एकच मोजतोय."

"तेच म्हणते मी."

संध्याकाळी ढग आले. तारे दिसण्याची शक्यता नव्हती, घड्याळावरच विसंबायचं होतं. मागच्या कुरणात खरोखरच एक स्टॅग उतरला होता. मोठा होता, मानेचे केस चिखलानं माखलेले. मिलिंद आणि कॅलम भिंतीच्या आडोशाला थांबले होते. कॅलमला बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला होता, आणि मिलिंदनं दारावर थाप मारायला हात उचलला तसा त्यानं तो धरला. "वेळ होऊ दे त्यांची," तो म्हणाला.

वेळ झाली. मिलिंदनं हलकेच हाक मारली. "काका. आता."

एझरांनी शुलामीथकडे पाहिलं.

"झाली असेल वेळ तर जा," ती म्हणाली. "आता मी अडवत नाही."

त्यांनी दार उघडलं. मिलिंदनं रायफल पुढे केली. स्टॅग मान वर करून स्थिर उभा होता, संधिप्रकाशात त्याची शिंगं अजून दिसत होती. अंतर फार नव्हतं. एझरांनी रायफल घेतली नाही. कारखान्यात बारीक मापाचं काम सुरू करण्याआधी धरायचे तसा त्यांनी उजवा हात समोर सरळ धरला आणि बोटांकडे पाहिलं. पूर्ण दिवस अन्नपाण्याशिवाय गेलेला तो हात थरथरत होता.

"काका, भिंतीवर टेकवा! टेकवून मारा!"

"नको. जखमी होऊन पळेल. अंधारात शोधणार कोण?"

"काका, प्लीज. मिनिट राहिलंय."

"मिलिंद, माझा हात नाही म्हणतोय."

स्टॅगनं एकदा डुरकून डोकं खाली केलं आणि तो चरू लागला. पाहता पाहता तो आणि अंधार एकच झाले. शुलामीथनं आतून चहाचा कप आणून एझरांच्या हातात दिला. तो सांडू नये म्हणून तिनं बशीही धरून ठेवली.

मिलिंदनं रायफल परत कुलपात ठेवली.

सकाळी शिळा सण. एझरा न वापरलेला टॅग घेऊन ट्रस्टच्या ऑफिसात गेले. मिलिंदला गाडी चालवायची होती म्हणून तोही बरोबर होता. कॅलमनं टॅग घेऊन टेबलावर ठेवला.

"वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण कमिटी टॅगच मोजते, कारणं नाही."

"मोजू दे," एझरा म्हणाले. "मी दुसरंच सांगायला आलोय. सोडतीत बाहेरच्यांची नावं किती असतात?"

"साठेक."

"माझं काढून टाका. कायमचं. कमिटीला सांगा, चूक माझी होती, मी दिवस न बघता अर्ज भरला. दंड मला करा. बाहेरच्यांचे दोन टॅग दोनच ठेवा."

मिलिंद उभाच राहिला. "काका, हे काय? तुम्ही मराठीत एकदा मला विचारायचंत तरी!"

"तुला विचारलं असतं तर तू आकडेमोड केली असतीस."

कॅलमनं टॅग उचलून खणात ठेवला. "सोडतीत तुमचं नाव पुन्हा दिसणार नाही याचं मला वाईट वाटेल," तो म्हणाला, "पण मांडतो मी कमिटीपुढे."

गाडीत शुलामीथ मागे बसली होती. ती म्हणाली, "शिळ्या सणाला पैसे द्यायचे असतात लोकांना. तुम्ही स्टॅग दिलात."

"न मारलेला," एझरा म्हणाले.

कमिटीनं दोन टॅग ठेवले, पण त्यासाठी तीन बैठका झाल्या आणि गावातल्या काहींनी कॅलमशी बोलणं टाकलं. पुढच्या जुलैत सोडत निघाली. एक टॅग लीड्सच्या एका डेंटिस्टला लागला, दुसरा कार्डिफच्या कोणाला. मिलिंदचं नाव आलं नाही. त्यानं रागारागानं एझरांना फोन केला. सोडतीला, ट्रस्टला, स्कॉटलंडला, सगळ्यांना शिव्या घातल्या. एझरांनी ऐकून घेतलं.

"तुम्ही आता काय करणार?" शेवटी त्यानं विचारलं.

"जानेवारीत माद्यांना जाणार. त्याला सोडत नाही. बर्फात कोणी येतच नाही."



"मी येऊ?"

"ओढायला लागतं हां. दोन मैल."

"माहीत आहे."

"मग ये. आणि येताना जाड दोर घेऊन ये. माझा जुना झालाय, दोघांच्या ओढीला टिकायचा नाही."