भद्रा मारुतीच्या दारातली हाक

खरं सांगायचं तर त्या शनिवारी मी खुलताबादला देवाच्या ओढीनं गेले नव्हते, वैतागून गेले होते. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी पक्की झाली होती, घोकून घोकून त्यांची भाषाही शिकले होते, अन् कामाचा व्हिसा अडला माझ्या नावावर! नर्सिंगच्या सगळ्या कागदांवर मी मंजुषा, पासपोर्टवर पूजा. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं हे नवं नाव सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, मोठ्या हौसेनं निवडलेलं. आता दोघी एकच, हे परक्या देशाला पटवायचं कसं? लग्नाच्या दाखल्यावरही पूजाच. एजंटानं हात वर केले. हॉस्पिटलवाले तरी किती थांबणार? जागा हातची जाणार, या धसक्यानं घास गिळवेना.

माझ्यापेक्षा आत्याबाईच जास्त खचल्या होत्या. "माझ्या हौसेपायी तुझं वाटोळं झालं गं," असं सारखं म्हणायच्या. असं म्हणणाऱ्या माणसावर रागावणार तरी कसं? शेवटी त्याच म्हणाल्या, "चल, मारुतीला सांगू." मी फणकारले, "तो तर आडवा झोपलेला. त्याला काय ऐकू येणार?"

"झोपलाय, पण कान उघडे हायेत त्याचे!"

त्या निजलेल्या मूर्तीपुढं उभी राहिले, तर काही मागताच येईना. 'आता तूच बघ बाबा,' एवढंच मनात आलं अन् डोळे भरून आले. बाहेर पडताना गर्दीत आमची चुकामूक झाली. आत्याबाई घाबरून ओरडल्या, "पूजा! ए पूजा!" तर तीन-चार पूजा वळल्या. मग त्या माउलीनं लग्नानंतर पहिल्यांदाच माझं माहेरचं नाव घेतलं, "मंजुषा! अगं मंजू!" मी धावत गेले अन् त्यांच्या गळ्यातच पडले.

शेजारी प्रसाद खात बसलेल्या एक काकू हसल्या. "दोन-दोन नावं व्हय सुनंला?" आत्याबाईंना तेवढंच निमित्त पुरलं. सगळं रामायण सांगून झालं, वर रडूनही झालं.

"रडता कशाला बाई?" काकू म्हणाल्या. "माझ्या लेकीचं दुबईला जाताना अस्संच अडलं होतं. सरकारी राजपत्रात नाव बदलल्याचं छापून घ्या. जुनं अन् नवं, दोन्ही नावं असतेत त्याच्यात. तिचं काम त्याच्यावरच झालं." आमच्या हातावर पेढा ठेवून त्या गर्दीत निघूनही गेल्या. नावापायी एवढा घोर लागलेला, अन् आम्ही त्यांचंच नाव विचारायला विसरलो!

राजपत्र मिळालं, कागद जुळले, जागा जायच्या आत व्हिसाही हाती आला. कुणी म्हणेल, योगायोग. म्हणू दे, मी वाद घालत नाही. एजंटाच्या मागं धावताना जे कानावर आलं नाही, ते मारुतीच्या दारात, चुकामूक झाल्यावर आलं, एवढं मात्र खरं. आता इथं परदेशात काही अडलं की मी जीव जाळत नाही. 'तूच बघ बाबा,' म्हणते अन् कामाला लागते.

निघायच्या दिवशी विमानतळाच्या दारातून आत शिरले, तोच मागून आत्याबाईंचा आवाज आला, "मंजू, जपून गं!" मी वळून ओ दिली. दोन पावलं गेले नसेन, तर पुन्हा, "पूजा, पोचल्यावर फोन कर!" मी पुन्हा वळले, अन् त्या हाकेलाही ओ दिली.