रंगात पहिलं बोट बुडवणारा

पिंपळगावात बातमी फिरून राह्यली की धुळाजीमामाचं औषध त्याच्या लेकीनं, रेणुकाताईनं, संभाजीनगरात कुलपात ठेवलंय अन् बापाला मरू द्यायलीय. समोरची झुंबरबाई हे सांगताना आधी पदर तोंडाला लावते, मंग नाकातून म्हणते, "पोटची पोर, पण काळीज दगडाचं." मी, मामाची भाची शालू, तिची नक्कल हुबेहूब करून दाखवते. लोक हसतात.

खरं येवढंच, की ताई तिकडं पीएचडी करते अन् तिच्या कुपीत पांढरी भुकटी आहे. ते औषध नाही. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी त्या भुकटीनं मरतात. माणसाला ती अजून कुणी दिलेली नाही. मामाला हाडातल्या मज्जेचा कॅन्सर, अन् दवाखान्याची औषधं दिवाळीपासून लागू पडेनात.

ताई घरी आली तवा मामानं माझ्यासमोरच तिला विचारलं, "ती भुकटी करती काय?"

"आबा, विकायच्या मेंढीला आपण पाठीवर रंग लावतो ना? पेशीतबी बाद झालेल्या प्रथिनाला खूण लागती, मंग ते मोडीत निघतं. रंगात पहिलं बोट बुडवणारं एक एन्झाइम हाय. भुकटी त्याचाच हात धरती. खूण लागत न्हाई, कचरा साचतो, पेशी मरती."

"मंग आण की."

"तुमच्या बऱ्या पेशीतबी तोच हात हाय. किती धरावा, मला ठावं न्हाई."

"म्या असाबी चाललोच. लेकीच्या हातनं गेलो म्हणंन."

ताई त्याच्या पाठीला तेल चोळत राहिली.

बाहेर ओट्यावर मी म्हणाले, "शनिवारी येताना तू भुकटी आणणार. लाव शर्त."

"न्हाई आणणार."

"बाप हाय तुझा."

"म्हणूनच. हरलीस तर मेंढ्या तू वळायच्या, शालू."

शनिवारी भोकरदनच्या एसटीतून ती उतरली. मामानं पिशवी स्वतःच उलटी केली. मोसंब्या गडगडल्या. त्यानं पिशवीचा तळ चाचपला, शिवण चाचपली.

"दुसरी पिशवी?"

"न्हाई, आबा."

तो भिंतीकडं तोंड करून निजला. ताईनं मोसंबी सोलून फोड पुढं केली. त्यानं तोंड उघडलं नाही. नंतर मला म्हणाली, "संभाजीनगरच्या स्टँडपस्तोर भुकटी आणल्ती. परत जाऊन ठेवून आले."

आता मेंढ्या मी वळते. पहिल्या सांजेला घरामागच्या मेंढवाड्याशी आल्यावर माझ्या हाळीला एकबी आत येईना. मंग मामाचा आवाज काढला, खोकल्यासकट. साऱ्या बराबर आल्या.

घरातून, खाटेवरून, मामा म्हणाला, "माझा खोकला इतका न्हाई."