टिचबटणाचे दात

माझे थोरले चुलते, आमचे तात्या, कुस्तीच्या मैदानात निवेदन करतात. स्वतः कधी लंगोट लावून मातीत उतरले नाहीत. पण माइक हातात आला की दोन्ही पैलवानांपेक्षा जास्त घाम त्यांनाच येतो. कवठे महांकाळजवळच्या आमच्या गावी त्यांना सातारा-सांगलीभरची बोलावणी येतात. आता मोटारसायकलवरून लांब जाणं झेपत नाही, म्हणून सांगलीतल्या विश्रामबागेतून, माझ्या घरून, मी गाडी काढते. माझे रविवार असे मातीत जातात.

तात्यांचे वरचे पुढचे दात गेलेले. त्या जागी गुलाबी अर्धी कवळी, तारेच्या आकड्यांनी शेजारच्या दातांना अडकवलेली. आकडे सैल झाले होते. काकी म्हणायच्या, "आवं, डाक्टरला दाखवा." तात्या म्हणायचे, "जिभंनं धरतोय की मी!"

सातारा जिल्ह्यातल्या एका जत्रेत शेवटची मोठी कुस्ती लागली होती. हलगी कडाडत होती, तात्या आखाड्याच्या अगदी कडेला. एका पैलवानानं दुसऱ्याला उचलून खांद्यावरून फेकलं आणि तात्या बेंबीच्या देठापासून ओरडले, "धोबीपछाड!" त्यासरशी कवळी सुटली, माइकवर टण्णकन आपटली आणि आखाड्यात गेली.

पडलेला पैलवान कसाबसा पालथा झाला आणि पुढच्याच क्षणी बोंबलला, "पंच! ह्यो चावतोय!"

कुस्ती थांबली. पंचांनी वरच्याचं तोंड बघितलं, ते खालच्याच्या मानेपाशी होतं. मग खालच्याला विचारलं, "कुठं चावला?" तो म्हणाला, "मांडीला!" पंच चक्रावले. "गड्या, तोंड हितं आन चावा तितं?" तरी कर्तव्य म्हणून त्यांनी वरच्याला आ करायला लावलं. तो बिचारा आईची शपथ घेत उघड्या तोंडानं उभा. मग खालचा उठला, तर मांडीला कवळी चिकटलेली.

मैदानभर हशा पिकला. तात्या शांतपणे आत गेले, कवळी काढून घेतली, धोतराला पुसून खिशात टाकली आणि माइकवर म्हणाले, "कुथ्ती थुरू!" मी इतकी हसले की शेजारच्या आजोबांनी मला पाणी दिलं. गाडीत मात्र तात्या खिडकीबाहेर बघत बसले.

मी त्यांना विश्रामबागेतल्या दातांच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. तशीच नवी कवळी स्वस्तात आणि लवकर होईल, पण कालांतरानं परत सैल पडेल. नाहीतर जबड्याच्या हाडात स्क्रू बसवायचे आणि कवळी त्यांवर टिचबटणासारखी दाबायची.

"आमच्या हिच्या पोलक्याला असतंय तसं?" तात्यांनी विचारलं.

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "पण खर्च बराच आहे. हाडानं स्क्रू घट्ट धरेपर्यंत काही महिने थांबायचं. साखर आटोक्यात हवी. आणि तंबाखू बंद."

घरी खल सुरू झाला. फायदे तात्या सांगत होते, तोटे काकी.

"हाडात स्क्रू पिळून घ्यायचं वय हाय का हे? एका दुभत्या म्हशीचं पैसं जात्यालं!"

"म्हस माइकवर बोलती का?"

"न्हाई. पन दात बी थुकत न्हाई."

पैशांचं तात्यांनी मनावर घेतलं नाही. गाडं अडलं ते तंबाखूवर. ते पुन्हा डॉक्टरकडे गेले आणि म्हणाले, "स्क्रू उजवीकडं बसवा, तंबाखू डावीकडं ठेवतो." बाई हसल्या, पण बधल्या नाहीत. बरेच दिवस तात्या नुसतेच चुन्याची डबी उघडझाप करत बसले.

मग एका मैदानाचं बोलावणं आलं. संयोजक अदबीनं म्हणाले, "तात्या, औंदा तुमची खुर्ची जरा लांब टाकतो. पैलवान लोक बिचकत्यात." तात्यांनी फोन ठेवला, डबी काकींच्या हातात दिली आणि मला म्हणाले, "पोरी, डाक्टरला सांग, येतोय म्हनावं."

स्क्रू बसवून आले तेव्हा गाल सुजला होता. "बोर मारत्यात तसं वाटलं," म्हणाले. "पानी तेवढं लागलं न्हाई." पुढचे महिने घरच्यांना जड गेले. तंबाखूवाचून ते कोंबड्यांवरसुद्धा खेकसायचे. शेवटी कवळी टिक् करून बसली. त्यांनी तिथंच खिशातून पेरू काढला आणि पुढच्या दातांनी कडकडून चावला. बाई बघतच राहिल्या. मैदानात खुर्चीही पुन्हा कडेला आली.

एक तोटा मात्र कुणी धरलाच नव्हता. कवळी रोज काढून घासायची असते, आणि ती तात्यांना निघेना. पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला फोन केला, "पोरी, बटन लय घट्ट हाय!" मी गाडीची किल्ली शोधत होते, तेवढ्यात फोनमधूनच टिक् ऐकू आलं. काकींनी अंगठा लावला होता.

आता ते काम काकींकडेच आहे. जेवणात तात्यांनी मिठाला नाव ठेवलं, की त्या संध्याकाळी काकींच्या अंगठ्याला कळ येते. परवा मी गेले तर तात्या आमटीची तोंड भरून स्तुती करत होते. मी चाखली, ती खारट होती. तात्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि आणखी एक वाटी मागितली.