चपलेले इचार

भाऊंना जाऊन दीड महिना झाला. रडून झालंय. उरलाय तो राग, आणि तो शोकसभेतला आहे.

दिनकरभाऊ देऊळघाटचे. पोटासाठी टपाल वाटलं आणि जन्मभर नाटकं बसवली. त्यांच्या घरासमोरच्या शोकसभेत गावातल्या पोरांनी त्यांचंच ‘वाट’ केलं. बौद्धवाड्यातला एक मजूर मोठ्या घरासमोरून जाताना रोज चपला हातात घेतो. का, ते नाटकात कुणी बोलत नाही. तो मरतो. शेवटी त्याची मुलगी बापाच्या ढगळ चपला पायात घालून, फटक फटक वाजवत तिथूनच जाते. पडदा. पण त्या दिवशी मुलगी मध्येच थांबली आणि समतेवर पाच मिनिटं भाषण ठोकून मोकळी झाली. टाळ्या काय, शिट्ट्या काय... माझं डोकंच फिरलं.

ही भूमिका पहिल्यांदा मी केली होती. तालमीत मी विचारलं होतं, “भाऊ, या नाटकाचा अर्थ काय?”

“मले काऊन इचारतं? त्या चपलेले इचार.” मग म्हणाले, “सांगतलेलं कळते बाई, पन पाह्यलेलं सलते.” माणूस काय बोलतो ते सोड, तो हातात काय धरतो आणि बाकीचे कुठे बघतात ते पाहा, एवढंच त्यांनी मला शिकवलं. आज मी वर्गात नाटक शिकवते ते या शिदोरीवर.

उंद्रीच्या स्पर्धेतल्या प्रयोगाला परीक्षकांनी शेरा मारला, आशय स्पष्ट होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मोठ्या घरून निरोप आला, ते चपलेचं नाटक पुन्हा इकडे आणू नका. भाऊ पोट धरून हसले. “घ्या! ज्याले कळाले पाह्यजे होतं, त्याले बरोबर कळलं.”

मला मात्र तो शेरा झोंबला होता. बुलढाण्याच्या स्पर्धेत, कुणाला न विचारता, मी शेवटी थांबले आणि म्हणाले, “ही जमीन आमच्याही पायांची आहे.” सभागृह टाळ्यांनी दणाणलं. अभिनयाचं बक्षीस मला मिळालं. परतताना एसटीत भाऊ खिडकीबाहेर बघत होते. तसेच म्हणाले, “तू बोलली, अन् लोकं टाळ्या पिटून मोकळे झाले. नसती बोलली, तं आपल्या पायाकडे पाहत घरी गेले असते.”

मला वाटलं, जळतात. मी दोन वर्षं तालमीला फिरकले नाही. मूर्ख होते मी.

शोकसभा संपल्यावर मुलीचं काम करणाऱ्या प्रतीक्षाला मी गाठलं. “भाषण कोणी घुसडलं गं? भाऊंच्या नाटकात?”

ती गांगरली. “ताई, आमी फक्त वाढवलं. पयलं वाक्य तं तुमचंच हाय... वहीत हाय ना.”

भाऊंच्या बायकोनं, वहिनींनी, आतून त्यांची वही आणून दिली. शेवटच्या पानावर खरंच माझं वाक्य होतं, भाऊंच्या तिरप्या अक्षरात. खाली त्यांनीच लाल शाईत लिहिलं होतं, ‘हे गाळा.’

“हे नाही वाचलं?” मी विचारलं.

“वाचलं ना,” ती म्हणाली. “पन ताई, त्याच वाक्याले तं टाळ्या येतेत.”

वही तिच्या हातात दिली आणि आपल्याच पायांकडे पाहत घरी निघाले.