पांढरं आलं होतं का?

पुण्याला मुलीकडे गेले होते. दुधाची पिशवी ठेवायला फ्रिज उघडला तर वरच्या कप्प्यात एक चपटं पाकीट दिसलं. आत पांढरी, कापूस दाबून बसवल्यासारखी वडी आणि तिच्यातून डोकावणारे सोयाबीनचे दाणे. दार उघडं टाकून मी तशीच उभी राहिले.

मुलगी मागून हसली. "ओळखलंस ना? तुझी ती बुरशी. टेंपे म्हणतात. आता दुकानात मिळतं. मटण-अंडी सोडल्यापासून मी आठवड्यातून दोनदा तरी करते." मग जावयाकडे वळून म्हणाली, "मला लहानपणी गावातल्या एका बाईनं हेच खायला घालून मरणाच्या दारात नेलं होतं. सांगितलंय ना मी तुला?"

जावई हसला. ही गोष्ट आमच्या घरात हसतच सांगतात, आणि ती मीच घरात आणलेली आहे.

मुलीनं वडीचे पातळ काप केले, तिखट-मीठ लावून तव्यावर खरपूस परतले आणि मी येताना आणलेल्या येसर मसाल्याच्या आमटीत सोडले. मी दोन काप खाल्ले. अळंबीसारखा तो मंद वास तीस वर्षांत जराही बदलला नव्हता. तिसरा काप ताटाच्या कडेला सारला.

मुरुमच्या अलीकडे आमचं गाव. मी सांगतेय ती ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. त्या साली पाऊस उशिरा आला आणि आला तसा गेला. तेलबियांच्या सहकारी संस्थेनं नवं पीक म्हणून सोयाबीनचं बियाणं वाटलं होतं. पेरणीला ओलच नव्हती, त्यामुळे आमच्या वाट्याची पिशवी माळवदावरच्या खोलीत तशीच शिवलेली पडून होती. घरात एक म्हैस होती. तिचं दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीत जायचं. तिथल्या किटल्या भरायच्या आणि पोरांच्या वाटणीला चहापुरतंच उरायचं. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं पुढं आलेलं.

तिला मी बालवाडीत घातलं होतं. बालवाडीच्या बाई ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या. मॅट्रिक झालेल्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. बोलणं मोजकं, लुगडं नेहमी धुवट. गृहविज्ञान शिकवणाऱ्या कुणा मॅडमांकडे त्यांचं महिनाभर प्रशिक्षण झालं होतं आणि तिथून येताना त्यांनी एका बाटलीत करडी पूड आणली होती. सोयाबीन भिजवून, चोळून सालं काढायची, शिजवायचं, फडक्यावर पसरून पार कोरडं करायचं, त्यात चिमूटभर ही पूड कालवायची आणि पळसाच्या पानांत बांधून दीड दिवस उबेला ठेवायचं. पानाला काट्यानं भोकं पाडायची. आतून पांढरी बुरशी येते आणि सगळे दाणे एकात एक धरून वडी होते. दूध नसेल त्या घरच्या पोरांना हे द्या, असं त्या सांगत.

आमच्या आळीत कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं वाटलेली सुकडी आणि परदेशी लाल मिलो ज्वारी बायका विसरल्या नव्हत्या. त्या मिलोनं केस गळतात असं तेव्हा म्हणत. पुढे नसबंदीच्या दिवसांत तर सरकारकडून येणाऱ्या प्रत्येक पुडीत काहीतरी असणारच, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. बाई सांगायला आल्या, तेव्हा आत्याबाई उंबऱ्याच्या आत बसून सुपात ज्वारी पाखडत होत्या.

"भाकरीला बुरशी आली तर आमी म्हशीपुढं टाकताव," आत्याबाई म्हणाल्या. "आन् तू लेकरास्नी मुद्दाम बुरशी लावून खाया घालतीस व्हय गं?"

"दह्यात बी तसंच असतंय की आत्या. विरजण लावताव न्हवं आपण?"

"विरजण घरचं असतंय. हे कुण्या मुलखाचं, कुणाला ठावं. पोरं न व्हायचं औषध असलं त्यात, तर पुढं कुणाच्या दारात रडायचं?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाई बाहेरच्या पायरीवर उभ्या होत्या. कुणी त्यांना बसा म्हटलं नाही. मीही नाही.

विरजणाचं आमच्याकडं असं असे. दही नासलं की वाटी घेऊन शेजारी जायचं, त्यात कमीपणा नव्हता. आळीतल्या कुठल्याही घरातून कुठल्याही घरात विरजण फिरे. ओढा ओलांडून ते कधी गेलं नाही आणि तिकडून कधी आलं नाही. आत्याबाईंच्या संशयात बुरशी किती होती आणि ओढा किती होता, ते मला तेव्हाही कळत होतं. माझ्याही संशयात तेवढाच ओढा होता. फरक इतकाच, की आत्याबाई बोलून दाखवत आणि मी गप्प बसून साळसूद राहत असे.

तरीही मी गेले. पोरीच्या बरगड्या मोजता येत होत्या म्हणून गेले. दुपारी आत्याबाई डुलकी घेत असताना धुण्याचं निमित्त करून ओढ्यावर गेले आणि तिथून बाईंच्या दारात. त्यांनी कागदाच्या पुडीत पूड बांधली, सोबत शेरभर सोयाबीन दिलं. पुडी घेऊन बाहेर आल्या आणि थांबल्या.

"वैनी, हातात देऊ का खाली ठिवू?"

मी म्हणाले, "ठेवा खाली."

त्यांनी पुडी जोत्यावर ठेवली. "बुरशीला काय कळतंय, कुणाच्या हातची हाय ते," असं पुटपुटल्या. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "दोनदा पुरंल यवढी पूड हाय. पांढरं आलं तरच खावा. काळं, गुलाबी, चिकाट झालं तर उकिरड्यावर. आन् दुसऱ्या खेपंला सोयाबीन बाजारातलं घ्या. बियाण्याचं नगं बरं का, त्याला औषध चोळलेलं असतंय."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं होतं. आज एवढ्यासाठीच लिहायला बसले आहे.

पहिली खेप छान झाली. गोठ्यातल्या भुशाच्या पाटीत पानं दडवून ठेवली होती. दीड दिवसानं सोडली तर आत स्वच्छ पांढरी वडी. मला शिसारी आली. वास घेतला, पुन्हा घेतला, एक तुकडा मांजरापुढं टाकला आणि अर्धा दिवस मांजराच्या मागं मागं फिरले. ते खुशाल उन्हात झोपलं. मग पोरीला तेलात परतून दिलं. तिनं सगळं खाल्लं आणि आणखी मागितलं. मी मात्र तोंडात घातलं नाही.

दुसऱ्या खेपेला सोयाबीन नव्हतं. बाजार चार दिवसांवर होता, पोरगी रोज मागत होती. माळवदावर पिशवी होती. तोंडाची शिवण उसवून मी शेरभर काढलं आणि दाभणानं पुन्हा शिवलं. दाण्यांवर गुलाबी पूड होती. मला वाटलं, धुतलं की झालं. कणगीतल्या ज्वारीलाही आम्ही किडीची पावडर लावत होतोच. दळायच्या आधी धुऊन उन्हात घालायचं, एवढीच रीत. माझी आई तेच करायची, आत्याबाईही तेच करायच्या. मी सात पाण्यांनी धुतलं. सातवं पाणी निवळ आलं. सालंही निघून गेली होती. अजून काय राहणार, असं मी मनाशी म्हणाले.

दीड दिवस झाला, दोन झाले. पांढरं आलंच नाही. दाणे सुटेच राहिले, थोडे बुळबुळीत, आंबूस वासाचे. आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. ती किळसवाणी लव नव्हती, म्हणजे हे जास्त स्वच्छ. ज्याचा संशय होता तेच आलं नव्हतं. बुरशीला मारणारं औषध त्या दाण्यात अजून असेल, म्हणून ती उगवली नसेल, हे डोक्यात आलं नाही. की आलं आणि मी ते बाजूला सारलं? इतक्या वर्षांनी मला ते नक्की सांगता येत नाही. दाणे आठव्यांदा धुतले, जास्त तेलात परतले आणि पोरीला दिले.

दुपारपासून तिला उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. तिन्हीसांजेला डोळे फिरवायला लागली. डेअरीच्या किटल्या नेणाऱ्या जीपमधून तिला मुरुमला नेलं. दोन दिवस सलाईन चाललं होतं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी म्हणाले, बालवाडीच्या बाईंनी पूड दिली होती, तिचं केलं होतं. हे खोटं नव्हतं. पण तेवढंच सांगितलं. बियाण्याचं सांगितलं असतं, तर पिशवी फोडली म्हणून ह्यांनी मला उभं सोललं असतं, आणि आत्याबाईंनी आयुष्यभर पोरीच्या जिवावर उठलेली म्हणून बोल लावला असता.

पोरगी वाचली. घरी आलो त्या सकाळी आळीतल्या बायका ओसरीत जमल्या होत्या. बाई आल्या. धावत आल्या असाव्यात, दम लागला होता. त्याच पायरीवर उभ्या राहिल्या.

"आता काय बगाया आलीस?" आत्याबाई कडाडल्या. "जगलं का मेलं ते?"

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. मला विचारलं, "वैनी, पांढरं आलं हुतं का?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मांडीवर पोरगी होती.

"आलं हुतं की," मी म्हणाले. "सगळं पांढरंफेक."

"आन् सोयाबीन?"

"बाजारातलं."

बाई पायरी उतरल्या. मग खाली बघून परत गेल्या. आत्याबाई मागून ओरडल्या, "पुन्हा ह्या दारात पाय ठिवू नगंस." कुणीतरी म्हणालं, मी म्हणतच हुते. मग प्रत्येकीला आठवायला लागलं की आपणही म्हणतच होतो.

महिन्याभरात आळीतली पोरं बालवाडीत जायची थांबली. पट उरला नाही म्हणून बालवाडी दुसऱ्या गावाला हलवली. पुढची कितीतरी वर्षं बाई रोज चार मैल चालत जायच्या. आमच्या घरावरूनच वाट होती. त्या जाताना दिसल्या की मी आत जाऊन उगाच भांडी हलवत बसे.

पुण्यात त्या दिवशी जावई कामावर गेल्यावर मी मुलीला हे सगळं सांगितलं. ती ओट्यापाशी उभी होती. हसली नाही, चिडलीही नाही. फक्त विचारलं, "त्या बाई आहेत अजून?"

आहेत. गावी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी गेले. ओढ्यावर आता पूल आहे. बाई अंगणात लाल मिरच्यांचे देठ काढत होत्या. मी जोत्यावर बसले आणि एका दमात सांगितलं. बियाणं, सात पाणी, न आलेलं पांढरं.

त्यांनी हातातली मिरची खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मला शिकिवलं हुतं, पांढरं आलं म्हंजी चांगलं. तुमी म्हणलाव, आलं हुतं. मग मी काय समजायचं? माझ्या बाटलीतच इख हुतं, असंच ना? ती बाटली मी वढ्यात रिकामी केली. माझ्या लेकरास्नी पुन्हा कदी करून घातलं न्हाय. त्याच बाटलीतलं वस्तीतल्या तीस लेकरास्नी खाऊ घातलं हुतं म्या. एखादं आजारी पडलं की मला वाटायचं, त्या बाटलीनंच. वरसानुवरसं वाटायचं."

"माझं चुकलं, बाई."

"मला कशाला सांगताव? मला एकटीला सांगून तुमाला हलकं वाटंल. माझं काय?" त्यांनी पुन्हा मिरच्या ओढून घेतल्या. "ज्यांच्या म्होरं म्हणलाव, पांढरं आलं हुतं, त्यांच्या म्होरं जाऊन सांगा."

चहा विचारला नाही. मी उठले.

आत्याबाई आता नाहीत. ओसरीत त्या सकाळी जमलेल्यांपैकी आळीत चौघी उरल्या आहेत. दोघींना सांगून झालं. पहिलीला ऐकू कमी येतं, पण तिनं कानाला हात लावून सगळं ऐकलं आणि रडली. दुसरी शेंगा फोडत होती. माझं ऐकून घेतलं, टरफलं बाजूला सारली आणि म्हणाली, "असू दे गं, बियाण्याचंच असंल. पर पुडी तर तिच्याच हातची हुती न्हवं?"

मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसले.